मंचाविषयी: माझ्या प्रश्नाचं ‘शुद्धलेखन’ झालं आणि प्रश्नच गेला

कोरीपाटी
सोमवार, रात्री ९.४०

तक्रार आहे आणि लांबलचक आहे. घाईत असाल तर पुढचा धागा उघडा.

गेल्या आठवड्यात एका स्क्रिप्टनं, म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमनं, मला दोन दिवस रडवलं. काम साधं होतं. यादीत जी नावं आहेत त्या फाइली एका फोल्डरमधून उचलायच्या आणि दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकायच्या. यादीत नाव ‘पायऱ्या’, फोल्डरमध्ये फाइल ‘पायऱ्या’, आणि पायथन म्हणतंय अशी फाइलच नाही. दोन्ही नावं एकाखाली एक ठेवून, अक्षरं मोठी करकरून पाहिली. डिट्टो. बाकीच्या सगळ्या फाइली गुमान गेल्या, ही एकच अडून बसली.

आधी एका मोठ्या इंग्रजी मंचावर विचारलं. माझं इंग्रजी कामापुरतं. अर्ध्या तासात प्रश्न बंद, कारण ‘काय विचारायचंय ते स्पष्ट होत नाही’. वर एकानं फुकटचा सल्ला दिला की फाइलींना इंग्रजी नावं द्या, कटकट मिटेल. मग मी तोच प्रश्न एआयकडून नीटनेटक्या इंग्रजीत लिहून घेतला आणि पुन्हा टाकला. या खेपेला बंद नाही केला, उडवलाच. का, तर मजकूर यंत्रानं लिहिलेला वाटतो. म्हणजे माझं इंग्रजी लिहिलं तर त्यांना कळत नाही, आणि त्यांना कळेल असं लिहिलं तर ते माझं नाही.

म्हटलं, चला आपल्या घरी. इथे मराठीत टाकला. सकाळी बघते तर खाली पाटी: ‘नियम क्र. ४ नुसार संपादित’. स्क्रिप्टची संहिता झाली, फाइलची संचिका झाली, कॉपीची प्रत झाली. चला, तेही सोसलं. पण मी जसाच्या तसा चिकटवलेला एरर मेसेज? त्याचंही भाषांतर! ‘अशी कोणतीही संचिका किंवा निर्देशिका नाही.’ हे वाक्य माझ्या स्क्रीनवर कधी उमटलंच नव्हतं. कोडमधली सरळ अवतरणचिन्हं गोंडस वाकडी झाली. आणि शेवटी शेरा: ‘नावातील टंकलेखनाची विसंगती दुरुस्त केली आहे. तांत्रिक प्रश्न उरत नाही. धागा बंद.’

माझा प्रश्न उरलाय हो. फाइल अजून तिथेच बसलीये.

तर मला विचारायचंय की दुसऱ्याच्या लिखाणात संपादकानं हात नेमका कुठवर घालायचा?

---

बिनकामाचा
सोमवार, रात्री ९.५२

तिथं इंग्रजी कच्चं, इथं मराठी बाटलेलं. ताई, आता हातवारे करून विचारा.

---

उडताबाण
सोमवार, रात्री १०.०५

मला पान हाच प्रॉब्लेम आलाय. माझा पान धागा असाच बंद केला होता. आपण पान माणसं आहोत ना.

[हा प्रतिसाद मूळ रोमन लिपीत होता. नियम क्र. २ नुसार लिप्यंतर केले आहे. – दारवान]

---

बिनकामाचा
सोमवार, रात्री १०.०७

‘आपण पान माणसं.’ हे मी फ्रेम करून लावणार आहे.

---

दारवान (संपादक)
सोमवार, रात्री १०.३०

संपादन मी केले होते, त्यामुळे उत्तर देणे माझ्याकडेच लागते.

नियम क्र. ४ कुणाच्या लहरीतून आलेला नाही. जुन्या सभासदांना आठवत असेल, सुरुवातीला इथे अर्धे लोक रोमनमध्ये लिहीत, काही इंग्रजीत, काही देवनागरीत, आणि एकच शब्द तीन-तीन प्रकारे. ‘फॉन्ट’, ‘फाँट’, ‘फॉण्ट’. उत्तर आधीच दिलेले असायचे पण शोधून सापडायचे नाही. तोच प्रश्न पुन्हा, तेच उत्तर पुन्हा, आणि मग उत्तर देणारे जाणकार कंटाळून निघून जायचे. भाषेचा नियम हा मराठीच्या अस्मितेसाठी केलेला नाही, शोध चालावा म्हणून केला आहे.

दुसरे असे की आम्ही तिघे संपादक आहोत, तिघेही आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे करतो. रात्री अकरानंतर रांगेत पडलेले तीस-चाळीस धागे बघताना प्रत्येकाची कुंडली मांडता येत नाही. ‘पायऱ्या’ हे नाव दोन ठिकाणी होते, त्यातले एक मला किंचित वेगळे उमटलेले दिसले. टंकनदोष समजून दोन्हीकडे पुन्हा नीट टाइप केले. आता दोन्ही सारखी दिसतात.

एरर मेसेजच्या भाषांतराबद्दल मात्र विचार करायला हवा, हे मान्य.

---

रात्रपाळी
सोमवार, रात्री ११.१५

दारवान, तुमच्या कष्टांबद्दल शंका नाही, पण एरर मेसेजवर ‘विचार करायला हवा’ हे फारच मिळमिळीत झालं.

मी गेली बरीच वर्षं पोटासाठी हेच काम करतो: लोकांच्या तक्रारी वाचायच्या आणि बिघाड शोधायचा. एरर मेसेज हा आजाऱ्याच्या तोंडचा शब्द असतो. तो जसाच्या तसा हवा, स्पेलिंगच्या चुकीसकट, टिंबासकट. कारण मी तोच मजकूर उचलून शोधणार, आणि तो प्रोग्रॅमच्या सोर्समध्ये ज्या ओळीत लिहिलाय तिथपर्यंत पोचणार. भाषांतर केलं की तो धागाच तुटला. म्हणून तर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर ज्यांची मशिनं दुसऱ्या भाषेत चालतात त्यांना पहिली गोष्ट हीच सांगतात की कमांडच्या आधी ‘एलसी_ऑल=सी’ जोडा आणि पुन्हा चालवा. तेवढ्या एका वेळेपुरते मेसेज मूळ इंग्रजीत येतात. स्वतःची भाषा सोडा असं कुणी म्हणत नाही, फक्त पुरावा मूळ भाषेत द्या.

आणि अवतरणचिन्हांबद्दल तर बोलूच नका. वाकडी अवतरणं छापील पानावर सुंदर दिसतात. टर्मिनलला, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीला, ती अवतरणं वाटतच नाहीत, ती त्याच्या दृष्टीनं साधी अक्षरं. दोन हायफनांची एक लांब रेघ झाली तर कमांडचा पर्यायच ओळखू येत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्याच एका उत्तरात सीएचमॉड या फाइलच्या परवानग्या बदलणाऱ्या कमांडपुढचं इंग्रजी अंकांतलं सातशे पंचावन्न इथल्या नियमानं ७५५ झालं होतं. पुढे आठवडाभर लोक येऊन सांगत होते की तुमचं उत्तर चालत नाही. मी वेड्यासारखा माझ्या मशिनवर पुन्हा पुन्हा चालवून बघत होतो. चालत होतं. धाग्यावर जाऊन स्वतःचंच उत्तर कॉपी केलं तेव्हा उजेड पडला.

---

बिनकामाचा
सोमवार, रात्री ११.२१

अवांतर: पायथनच्या इंट या मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनला ‘७५५’ अशी देवनागरी स्ट्रिंग द्या, बिनतक्रार सातशे पंचावन्न देतं. कोडमध्ये थेट ७५५ लिहिलं तर मात्र नाही म्हणतं. म्हणजे पायथनला मराठी वाचता येतं, बोलता येत नाही. माझ्या भाच्यासारखं.

---

जुनाखांब
मंगळवार, सकाळी ७.१०

हा वाद वयानं तुमच्यातल्या निम्म्यांहून मोठा आहे. थोडी जुनी माती उकरतो.

‘इंग्रजीतच लिहा’ हा नियम सुरुवातीला कुणी ठरवलेला नव्हता, यंत्रांनाच दुसरं काही येत नव्हतं. आस्की या जुन्या अक्षर-संकेतात जागा १२८. त्यातून इंग्रजी अक्षरं, अंक, चिन्हं आणि नियंत्रणाच्या खुणा वजा केल्या की हाती काही उरत नाही. यूजनेटवर, म्हणजे वेबच्याही आधीच्या चर्चामंचांच्या जाळ्यावर, जपानी लोकांनी स्वतःची ‘एफजे’ नावाची वेगळी शाखा काढली आणि सात बिटांच्या त्याच नळीतून जपानी अक्षरं जातील अशी एन्कोडिंग (अक्षरं आकड्यांत मांडायची पद्धत) वापरली. जर्मनांची ‘डीई’, फ्रेंचांची ‘एफआर’. कुणाची परवानगी मागत बसले नाहीत, वेगळी चूल मांडली. आपल्याकडे इस्कीचं मानक १९९१ मध्ये आलं, वरच्या १२८ जागांमध्ये भारतीय लिप्या बसवणारं. पण लोक आपले फॉन्टच्या पोटात अक्षरं कोंबून काम भागवत राहिले. दुसऱ्या मशिनवर तो फॉन्ट नसेल तर सगळा मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांचा उकिरडा.

मग माणसांचा लोंढा आला. सप्टेंबर १९९३ पासून यूजनेटवर नवख्यांची रीघ लागली ती थांबलीच नाही. जुनी मंडळी त्या सप्टेंबरला ‘कधीच न संपलेला सप्टेंबर’ म्हणतात. त्याआधी दर सप्टेंबरला कॉलेजची नवी पोरं यायची, महिनाभरात रीत शिकायची. आता शिकवणारे कमी, येणारे जास्त. तिथून पुढे शिष्टाचार कागदावर लिहायची वेळ आली. ऑक्टोबर १९९५ ची आरएफसी १८५५ ही इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची नियमावली काढून वाचा. पलीकडे माणूस आहे, त्याची भाषा, संस्कृती आणि विनोद तुमच्यापेक्षा वेगळे असू शकतात, हे त्यात तेव्हाच सांगून ठेवलंय. २००१ मध्ये एरिक रेमंड या प्रोग्रॅमरनं प्रश्न कसे विचारावेत यावर लांबलचक लेख लिहिला. त्याचा सूर खडूस आहे, पण परभाषेत लिहिणाऱ्याच्या व्याकरणाकडे थोडी डोळेझाक व्हावी, आळसाकडे होणार नाही, एवढा न्याय त्यातही आहे. लोकांनी त्यातला खडूसपणा उचलला आणि न्याय तिथेच ठेवला.

एक लक्षात घ्या. ‘भाषेचा नियम’ म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधतोय. कुठली भाषा हा एक नियम, आणि कसली भाषा हा दुसरा. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिणाऱ्यांचं भांडण दुसऱ्या प्रकारचं होतं. सगळे इंग्रजीतच बोलत होते, पण कसे, ते विचारू नका. २०१५ मध्ये त्यांनी ‘कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट’ आणला, तो पुरला नाही म्हणून २०१८ मध्ये आचारसंहिता आली आणि त्याच सुमारास खुद्द लिनक्सचा जनक तोरवाल्डसनं जाहीर माफी मागून काही काळ सुट्टी घेतली. कोरीपाटींना तिकडे नडला पहिला नियम, इथेही पहिलाच. सभ्यपणे सगळे वागले. कुणीही वाईट बोललं नाही आणि तरी बाई दोन दिवस दारोदार फिरतायत. माझ्या मते हे जास्त वाईट आहे.

---

अनुस्वार
मंगळवार, सकाळी ९.४५

सर्वांच्या भावना समजल्या. तरीही नियम क्र. ४ च्या बाजूने कुणीतरी उभे राहायला हवे, म्हणून मी उभा राहतो.

मराठीत तंत्रज्ञानावर लिहिण्याची सवय जर मराठी मंचावरच लागली नाही, तर ती कुठे लागणार? ‘सेव्ह केली, डिलीट मारली, रन केली’ हे मराठी आहे असे म्हणायला माझी हरकत नाही. पण मग ‘जतन करणे’ हा सुटसुटीत शब्द असताना तो वापरायला कुणाची हरकत का असावी? शब्द वापरले की रुळतात. ‘संगणक’ रुळलाच ना?

---

रात्रपाळी
मंगळवार, सकाळी १०.०२

रुळला, कारण लोकांनी तोंडात घेतला. कुणी त्यांच्या वाक्यात जाऊन ‘कॉम्प्युटर’ खोडून ‘संगणक’ लिहिला म्हणून नव्हे. तुमच्या उत्तरात तुम्ही खुशाल ‘जतन करा’ लिहा, वाचणारा शिकेल. विचारणारा आधीच अडलेला असतो. त्याच्या प्रश्नातले शब्द बदललेत तर त्याला स्वतःचाच प्रश्न परका वाटतो.

आणि इंग्रजीवाल्यांनाही हेच म्हणेन. आपल्याकडची पोरं लिहितात ‘आय हॅव अ डाउट’. आपल्या मनात असतं ‘मला एक शंका आहे’, म्हणजे विचारायचंय. पलीकडचा वाचतो ‘माझा यावर विश्वास नाही’. मग तो फणकारतो की तुला माझ्या उत्तरावर शंका असेल तर स्वतः करून बघ. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि प्रश्न बंद. असे धागे मी डोळ्यांनी पाहिलेत. तिथे एखाद्या संपादकानं ‘डाउट’च्या जागी ‘क्वेश्चन’ केलं असतं तर मी त्याला हार घातला असता. म्हणजे संपादनाला माझा विरोध नाहीच. फक्त ते विचारणाऱ्याचं म्हणणं पलीकडे पोचावं म्हणून व्हावं.

---

सेतू
मंगळवार, दुपारी १.२०

इंग्रजी मंचाची बाजू कुणी मांडत नाहीये, म्हणून थोडं.

स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ २००८ मध्ये सुरू झालं आणि २००९ मध्येच त्यांनी इंग्रजी सोडून इतर भाषांतले प्रश्न चालणार नाहीत असं जाहीर केलं. तेव्हा लोक भडकले होते. पण त्यामागचं कारण उद्दामपणापेक्षा व्यवहाराचं होतं: जो प्रश्न संपादकाला वाचताच येत नाही तो चांगला की वाईट, स्पॅम की खरा, शिवी की आभार, हे तो ठरवणार कसा? मतं कोण देणार? तोच प्रश्न आधी येऊन गेलाय हे कोण ओळखणार? पुढे २०१४-१५ च्या सुमारास त्यांनी पोर्तुगीज, जपानी, रशियन आणि स्पॅनिश अशा वेगळ्या साइट काढल्या. रशियन तर आधीपासून चालू असलेल्या हॅशकोड नावाच्या समुदायाला सोबत घेऊन. म्हणजे भाषा उघडायची तर आधी त्या भाषेतली माणसं हवीत: वाचणारी, उत्तर देणारी आणि झाडू मारणारी. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारातही वापरकर्त्यांच्या ईमेल-याद्या फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशा वेगवेगळ्या आहेत. चुकीच्या यादीवर आलेल्याला तिकडे पाठवलं जातं.

माझी तक्रार आहे ती ‘पाठवलं जातं’ या भागाबद्दल. ‘इथे नाही’ एवढंच सांगून दार लावणं आणि ‘इथे नाही, त्या दाराशी विचारा’ हे सांगणं, यात लिहायला जेमतेम दहा सेकंद जास्त लागतात.

एआयचं प्रकरण मात्र खरंच अवघड आहे. डिसेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटीनं लिहिलेल्या उत्तरांचा असा पूर आला की स्टॅक ओव्हरफ्लोनं ती बंद केली. दिसायला झकास, आतून चुकीची. मग मे २०२३ मध्ये कंपनीनं संपादकांना सांगितलं की एआयच्या संशयावरून मजकूर काढणं जवळपास थांबवा, निर्दोष माणसं भरडली जातायत. संपादक म्हणाले, मग कचरा कोण काढणार? जूनमध्ये त्यांनी संप केला, तो ऑगस्टपर्यंत चालला. मी तेव्हा संपाच्या बाजूनं होतो. अजूनही आहे. पण त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की एआयचा मजकूर ओळखणाऱ्या यंत्रांनी परभाषकांनी लिहिलेल्या टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेच्या ९१ निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध ‘यंत्राचे’ ठरवले. माणसांनी लिहिलेले! शब्दसंग्रह मर्यादित, वाक्यं साधी, म्हणून यंत्राला ते यंत्रासारखे वाटले. कोरीपाटींनी तर खरंच एआय वापरला, पण भाषांतरापुरता. प्रश्न त्यांचा, बिघाड त्यांचा, कोड त्यांचं. असं असेल तर सुरुवातीलाच एक ओळ टाकावी: ‘मजकूर भाषांतरित आहे, मूळ मराठी खाली’. आणि खाली मराठी ठेवावं. काही संपादक तरीही उडवतील. बरेचसे नाही उडवणार.

---

अनुस्वार
मंगळवार, दुपारी २.०५

थांबा, थांबा. आपण सगळे भांडत बसलो आणि मूळ प्रश्न कुणी वाचलाच नाही. मीही नाही.

दारवान, आपण वर म्हणालात की दोन ‘पायऱ्या’ंपैकी एक ‘किंचित वेगळे उमटलेले’ होते. ते वेगळेपण मला हवे आहे. ते फार मोलाचे आहे हो!

मराठीत आचार्यांना आणि आचाऱ्यांना हे दोन वेगळे शब्द आहेत, दर्या आणि दऱ्या हेही. ‘ऱ्य’मधला हा अर्धा र डोक्यावर रफार होऊन जात नाही, आडव्या भुवईसारखा शेजारी बसतो. संगणकात हा भुवईवाला र दोन मार्गांनी लिहिता येतो. एक म्हणजे नुक्त्याचा ऱ, त्यावर हलन्त, मग य. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक, मग य. दुसरा मार्ग युनिकोड या अक्षर-मानकाच्या २.० आवृत्तीपासूनचा आहे, जुना मजकूर मोडू नये म्हणून तो आजही चालवून घेतात. कुठला कळफलक कुठल्या मार्गाने लिहील हे कळफलक बनवणाऱ्यावर. पडद्यावर दोन्ही सहसा हुबेहूब सारखे उमटतात, फॉन्टनुसार कधी किंचित निराळे. संगणकाच्या लेखी मात्र ते वेगळे शब्द. युनिकोडचे नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणे) केले तरी एक होत नाहीत.

कोरीपाटी, यादीतल्या आणि फोल्डरमधल्या नावाची लांबी पायथनला विचाराल का? एक्स्टेन्शन सोडून. माझा कयास: एक ७ येईल आणि एक ८.

पायऱ्या
पायर्‍या

वरची पहिल्या मार्गाची, खालची दुसऱ्या. बघा ओळखू येतायत का. (दारवान, कृपया या दोन ओळींना हात लावू नये.)

---

बिनकामाचा
मंगळवार, दुपारी २.०९

शुद्धलेखनवाल्यानं बग पकडला. आज सूर्य कुठून उगवला होता ते कुणी पाहिलं का?

---

कोरीपाटी
मंगळवार, संध्याकाळी ६.५०

७ आणि ८!!!

यादीतलं ७, फाइलचं ८. मी ऑफिसात जोरात ओरडले.

आता आठवतंय. फाइल सहकाऱ्यानं त्याच्या जुन्या मशिनवरून पाठवली होती, यादी मी माझ्या फोनवर टाइप केली होती. आणि मूळ प्रश्नात मी दोन्ही नावं ज्याच्या त्याच्या जागेवरून कॉपी करून चिकटवली होती, म्हणजे उत्तर माझ्या प्रश्नातच होतं. दारवानदादांनी दोन्हीकडे स्वतःच्या कळफलकानं ‘नीट’ टाइप केलं आणि दोन्ही ७ झाले. मग खरंच प्रश्न उरला नाही! इंग्रजी नावं द्या म्हणणाऱ्यालाही हे सापडलं नसतं, फक्त पुढच्या माणसासाठी दडून राहिलं असतं.

अनुस्वारकाका, आता यावर उपाय काय? जोडक सरसकट काढून टाकू का?

---

अनुस्वार
मंगळवार, संध्याकाळी ७.३०

सरसकट मुळीच काढू नका. नुसता जोडक गेला की ‘पायर्‍या’चे ‘पायर्या’ होते, रफारवाले, आणि तो तिसराच शब्द झाला. काही संकेतस्थळांची प्रणाली न दिसणारी चिन्हे गाळून टाकते, म्हणून तिथे सगळीकडे ‘पायर्या’, ‘दुसर्या’ असले ध्यान दिसते. लोक मराठीला नावे ठेवतात.

‘र, हलन्त, जोडक’ हे त्रिकूट दिसले की त्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला. हे यादीतल्या नावालाही करा आणि फोल्डरमधल्या नावालाही, मग तुलना करा. फाइल उघडताना मात्र फोल्डरमधले मूळ नाव वापरा, बदललेले नव्हे. त्या नावाची फाइल डिस्कवर नाहीच.

आणि हो, सकाळचे माझे म्हणणे मी पूर्ण मागे घेत नाही. ‘जतन करणे’ हा चांगला शब्द आहे.

---

दारवान (संपादक)
मंगळवार, रात्री १०.५५

मूळ प्रश्नाची पहिली आवृत्ती इतिहासातून परत आणली आहे आणि धागा उघडला आहे. एरर मेसेज, अवतरणचिन्हे, फाइलींची नावे सगळे मूळचे. कोरीपाटी, चूक माझी. पुरावा मीच पुसला.

बाकी दोन्ही संपादकांशी बोललो. आजपासून कोडच्या चौकटीत जे असेल त्याला कुणीही हात लावणार नाही: अंक, चिन्हे, लिपी, काहीही. एरर मेसेजलाही नाही. प्रश्नकर्त्याचे शब्द बदलायचे असतील तर शीर्षकात बदलू, शोधासाठी, आणि मजकूर तसाच ठेवू. धागा बंद केला तर पुढे कुठे विचारावे ते एका ओळीत लिहू.

रोमन लिपीबद्दल मात्र आमचे एकमत झालेले नाही. माझे मत अजूनही लिप्यंतर करावे असेच आहे. रोमनमधला ‘पण’ शोधणाऱ्याला कधीच सापडत नाही.

---

रात्रपाळी
मंगळवार, रात्री ११.१०

लिप्यंतर करून तरी कुठे सापडला? त्याचं पान झालं.

ते सोडा. नियम चांगले आहेत. फक्त ‘कोडच्या चौकटीत’ म्हणताय, तर नवख्यांना चौकट टाकायचीच माहीत नसते, ते सगळं उघड्यावर चिकटवतात. अशा वेळी तुम्ही आधी चौकट टाकून द्या आणि मग हात काढून घ्या. आणि माझं ते सीएचमॉडचं उत्तर अजून ७५५ मध्येच आहे, तेवढं बघाल का?

---

जुनाखांब
बुधवार, सकाळी ६.५५

रोमनबद्दल मी दारवानांच्या बाजूनं. पण लिप्यंतर करून मूळ रोमन मजकूर खाली दुमडून ठेवा, हवं त्यानं उघडून बघावं. माणसाचं मूळ बोलणं फेकून देऊ नये. कालच बघितलंत की त्यात काय दडलेलं असतं.

---

कोरीपाटी
बुधवार, सकाळी ९.१५

स्क्रिप्ट चालली. फाइल पोचली. सहकाऱ्याला त्याचा कळफलक बदलायला सांगितलं तर म्हणतो, ‘माझ्याकडे तर बरोबर दिसतंय.’

इंग्रजी मंचावरच्या माझ्या पहिल्या, बंद झालेल्या प्रश्नात जाऊन लांबीचे ते दोन आकडे टाकलेत, माझ्याच मोडक्या इंग्रजीत, आणि पुन्हा उघडायची विनंती केलीये. तीनपैकी दोन मतं पडलीत.

---

उडताबाण
बुधवार, सकाळी ९.४०

माझा धागा पण उघडा ना मग.

[मूळ रोमन लिपीत. लिप्यंतर: दारवान. संपादित: ‘पान’ऐवजी ‘पण’.]